बीएमटी सांगितलंय? मग कामाला या क्रमाने लागा

डॉक्टरांनी ‘अक्यूट ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आहे, पुढे बीएमटी (बोन मॅरोचं, म्हणजे हाडांमधल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचं ट्रान्सप्लांट) करावी लागेल’ असं सांगितलं की त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो: ‘अर्जंट! बोन मॅरो डोनर हवा, ब्लडग्रुप बी पॉझिटिव्ह.’ या मेसेजचा काडीचाही उपयोग होत नाही. मॅरोचा डोनर रक्तगटावरून ठरत नाही. ओ पॉझिटिव्ह बहिणीच्या पेशी ए पॉझिटिव्ह भावाला चालतात, आणि काही महिन्यांनी त्या भावाचा रक्तगटसुद्धा ओ होतो. शिवाय डोनर हा आता पूर्वीइतका मोठा अडसर उरलेला नाही. घोडं अडतं ते वेळेवर, पैशावर आणि रुग्णाजवळ राहणाऱ्या माणसावर. म्हणून पुढची कामं ज्या क्रमाने दिली आहेत त्या क्रमाने हातात घ्या. जिथे जमेल तिथे दोन-तीन एकदम सुरू करा.

पहिलं काम: ट्रान्सप्लांट खरंच लागणार आहे का, हे विचारा

अक्यूट ल्युकेमिया हा एकच एक आजार नव्हे. मायलॉइड म्हणजे एएमएल आणि लिम्फोब्लास्टिक म्हणजे एएलएल हे दोन मुख्य प्रकार, आणि त्यांचे पुढे कितीतरी पोटप्रकार. लहान मुलांचा एएलएल बहुतेक वेळा नुसत्या केमोने बरा होतो. एएमएलमधल्या ‘एपीएल’ या पोटप्रकाराला रेटिनॉइक ॲसिड आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड अशी औषधं लागू पडतात, आणि सहसा ट्रान्सप्लांटची वेळ येत नाही. बाकीच्या एएमएलमध्ये गुणसूत्रांचा आणि जनुकांचा रिपोर्ट काय सांगतो त्यावर सगळं अवलंबून असतं. आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्राची अदलाबदल असेल तर केमोवर भागण्याची शक्यता चांगली असते. गुणसूत्रांत बरेच बिघाड एकत्र दिसले तर डॉक्टर पहिल्याच रेमिशनमध्ये ट्रान्सप्लांट सुचवतात.

तेव्हा डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: प्रकार कोणता, सायटोजेनेटिक्सचा, म्हणजे गुणसूत्रांचा, रिपोर्ट आला का आणि त्यावरून धोका कमी, मध्यम की जास्त? उत्तरं लिहून घ्या. सेकंड ओपिनियन घ्यायचं तर ते याच टप्प्यावर घ्या, आणि त्यासाठी केमो थांबवू नका.

रेमिशन हा शब्द पुढे रोज कानावर पडेल. मॅरोत रोगट ‘ब्लास्ट’ पेशी 5 टक्क्यांच्या खाली आल्या आणि काउंट सुधारले की रेमिशन आलं म्हणतात. त्याच्याही पुढे एमआरडी नावाची तपासणी असते. सूक्ष्मदर्शकातून न दिसणारा उरलासुरला आजार ती पकडते. ट्रान्सप्लांट रेमिशनमध्ये केलं तर आजार बरा होण्याची आशा बरीच जास्त. अंगात आजार भरलेला असताना केलं तर तो परत येण्याची भीती मोठी. ‘आत्ता बरं वाटतंय, मग ट्रान्सप्लांट कशाला, बघू पुढे’ असं बहुतेक घरांत कुणीतरी म्हणतंच. पण बरं वाटत असतानाचा काळ हाच त्याचा मुहूर्त असतो, आणि तो काही महिन्यांत निसटतो.

हे सगळं काम कसं करतं, ते थोडक्यात. आधी जोरदार केमो, कधी जोडीला रेडिएशन देऊन रुग्णाचा मॅरो रिकामा करतात. मग डोनरच्या मूळपेशी देतात. त्या हाडांत जाऊन नवं रक्त तयार करतात, आणि डोनरची प्रतिकारशक्ती उरलेल्या कॅन्सरपेशी शोधून मारते. खरी करामत या शेवटच्या भागाची आहे. म्हणूनच ‘बाळाच्या जन्मावेळी आम्ही कॉर्ड ब्लड (नाळेतलं रक्त) बँकेत पैसे भरून ठेवलंय, ते वापरा की!’ या सूचनेला डॉक्टर मान डोलावत नाहीत. स्वतःच्या पेशी परकी नजर कुठून आणणार? शिवाय कित्येक मुलांत ल्युकेमियाची सुरुवात जन्माआधीच झालेली असते, त्यामुळे त्या साठवलेल्या रक्तातही रोगाचं बीज असू शकतं. खासगी बँकांच्या जाहिरातीत हे सांगत नाहीत, एवढंच.

दुसरं काम: एचएलए टायपिंग, पहिल्या केमोच्या वेळीच

एचएलए म्हणजे पेशींच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. दोन भावंडं असली तर दोघांपैकी एक तरी जुळण्याची साधारण 44 टक्के. चुलत-मामे भावंडांचं रांगेने टायपिंग करून घेण्यात बहुतेक वेळा पैसेच जातात. डॉक्टरांनी सांगितलं तरच करा.

तपासणी साधी असते, थोडं रक्त किंवा गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना. रुग्णाचा नमुना मात्र केमोने पांढऱ्या पेशी पार खाली जाण्याआधी गेलेला बरा. रिपोर्टला दिवस लागतात, म्हणून ‘रेमिशन आल्यावर बघू’ असं करू नका.

एक सूचना कुणी आपणहून सांगेलच असं नाही: जे रक्ताचे नातेवाईक डोनर होऊ शकतात, त्यांनी ट्रान्सप्लांटआधी रुग्णाला रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत. त्यांच्या पेशींविरुद्ध रुग्णाच्या शरीरात अँटिबॉडी तयार होऊ शकतात. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, वारंवार लागतात. त्यासाठी मित्र, शेजारी, ऑफिसातली माणसं, गणेश मंडळाची पोरं यांची यादी करून ठेवा. तो व्हॉट्सॲप मेसेज इथे खरा उपयोगी पडतो.

तिसरं काम: डोनर ठरवणं

पूर्ण जुळणारं भावंड मिळालं तर बहुधा तिथेच शोध संपतो. नाही मिळालं तर दोन रस्ते.

एक, नोंदणीतला अनोळखी दाता. चेन्नईची ‘दात्री’, बंगळुरूहून काम करणारी ‘डीकेएमएस इंडिया’ अशा संस्थांकडे स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या लोकांचे टायपिंग असतात, आणि जगभरच्या नोंदण्या मिळून 4 कोटींहून जास्त दाते आहेत. शोध हॉस्पिटलमार्फतच होतो. अडचण अशी की भारतीय वंशाच्या माणसाला जुळणारा दाता बहुधा भारतीयांतच मिळतो, आणि आपल्या लोकसंख्येच्या मानाने नोंदणी फार तोकडी आहे. परदेशातून पेशी आणायच्या म्हटल्या की खर्चही चढतो.

दुसरा रस्ता अर्ध्या जुळणीचा, हॉस्पिटलच्या भाषेत ‘हॅप्लो’. आई, वडील, मुलगा, मुलगी यांच्याशी अर्धी जुळणी असतेच. भावंडाशी निम्म्या वेळा. पूर्वी असं ट्रान्सप्लांट फार धोक्याचं असायचं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत बसवली आणि चित्र बदललं. हे औषध रुग्णावर चवताळून उठलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे डोनरच्या पांढऱ्या पेशी, मारतं, मूळपेशी मात्र वाचतात. आपल्याकडे एक-दोन मुलांची कुटुंबं वाढत गेली तसा या पद्धतीचा आधार मोठा झाला.

आता डोनरबद्दल. सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. त्याच्या पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा त्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, त्याने मूळपेशी मॅरोतून रक्तात उतरतात. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत येतं. तीन ते पाच तास लागतात. त्या दिवसांत अंग, कंबर, डोकं दुखतं; पॅरासिटामॉलने भागतं. प्रत्यक्ष मॅरो काढायचा असेल, आणि मुलांसाठी कधीकधी तसंच करतात, तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. काही दिवस ठणकतं. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा भरून काढतं.

लग्न झालेली बहीण जुळली की वेगळंच नाट्य सुरू होतं. ‘तिला पुढे मूलबाळ व्हायला अडचण येईल का?’ असं सासूबाई विचारतात. तिला कुणी विचारत नाही. याने मूल होण्यावर परिणाम होत नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून सासरच्यांना ऐकवा. ती गरोदर असेल तर मात्र तिला डोनर करता येत नाही. आणि तिचं मन काय आहे ते डॉक्टरांनी किंवा सोशल वर्करने तिला एकटीला बसवून विचारायला हवं. रुग्णाचा मॅरो रिकामा करायला घेतल्यावर डोनरने पाय मागे घेतला तर रुग्णाच्या जिवावर बेततं. त्यामुळे ‘नाही’ म्हणायचं असेल तर ते आधीच म्हणता येईल अशी वाट तिला मोकळी ठेवा.

चौथं काम: पैसे

खर्च दहा लाखांच्या पुढेच धरा. हॅप्लो आणि अनोळखी दात्याचं ट्रान्सप्लांट त्याहून बरंच महाग. हॉस्पिटलकडून लेखी एस्टिमेट मागा आणि त्यात काय धरलेलं नाही ते विचारा. बाहेर पडल्यानंतरची औषधं, वारंवार होणाऱ्या तपासण्या, पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं आणि हॉस्पिटलजवळची खोली हे सहसा त्यात नसतं, आणि लोक बुडतात ते त्यातच. हातातला सगळा पैसा एस्टिमेटवर संपवू नका.

ते एस्टिमेट हातात आलं की पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, मोठ्या ट्रस्टकडचे अर्ज हे सगळं एकाच आठवड्यात टाका. एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरा अर्ज अडवून धरू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या केसला काय मिळतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. ऐकीव माहितीवर जाऊ नका, पॅकेजं बदलत असतात. कोल इंडियाच्या मदतीची बातमी कुणीतरी हमखास पाठवतं. ती योजना थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक ॲनिमियाच्या मुलांसाठी आहे. विमा असेल तर डोनरच्या तपासण्या आणि पेशी काढण्याचा खर्च त्यात बसतो का, ते लेखी घ्या. कर्करुग्णाला उपचारांच्या प्रवासासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते; त्याचा फॉर्म हॉस्पिटल देतं.

सेंटर निवडताना नुसत्या इमारतीकडे बघू नका. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. आज टाटाचं बीएमटी युनिट खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. मुंबई-पुण्यात आता इतरही सेंटर आहेत, वेल्लोरच्या सीएमसीकडेही महाराष्ट्रातून पुष्कळ लोक जातात. तुमच्यासारख्या केस तिथे वर्षाला किती होतात, आणि तुमचा नंबर कधी लागेल, हे दोन प्रश्न विचारा. नावाजलेल्या सरकारी सेंटरला रांग असते, आणि रेमिशन रांगेसाठी थांबत नाही.

पाचवं काम: सोबती आणि खोली

ही गोष्ट लोक सर्वांत शेवटी ठरवतात. ट्रान्सप्लांटनंतर निदान शंभर दिवस रुग्णाजवळ चोवीस तास एक जबाबदार माणूस हवं, आणि त्याला बदली म्हणून दुसरं. रात्री अडीचला 100.4 ताप आला तर घाबरून न जाता गाडी काढणारं, औषधांची वही ठेवणारं, रुग्ण जेवणावरून चिडला तरी उलट न चिडणारं. आई प्रेमळ आहे म्हणून ती आपोआप सोबती झाली, असं नको. तिला बीपी-शुगर असेल तर ती दुसऱ्या महिन्यात कोलमडते. हॅप्लोत घरातलाच कुणीतरी डोनर असतो, तेव्हा सोबती दुसराच ठरवा.

खोली हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत हवी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा केमोच्या दिवसांत कित्येकांचा आधार असते, पण ट्रान्सप्लांटनंतर वेगळी खोली, स्वतंत्र संडास-बाथरूम आणि स्वतःचा गॅस लागतोच. भिंतीला ओल नको, शेजारी बांधकाम नको. बुरशीचे कण धुळीतून फुप्फुसात जातात, आणि या रुग्णांना अस्परजिलस नावाची बुरशी जीवघेणी ठरते. मुंबईत आणखी एक बघा: खिडकीच्या छज्जावर आणि एसीच्या डब्यामागे कबुतरं बसतात का. खोली पसंत करताना पडदा सरकवून बघायचाच.

ॲडमिट होण्याआधी दातांची तपासणी उरकून घ्या. किडका दात पुढे सेप्टिकचं कारण होतो. तरुण रुग्ण असेल तर शुक्राणू किंवा स्त्रीबीजं साठवण्याबद्दल विचारा. डॉक्टर घाईत विसरू शकतात, घरचे संकोचतात, आणि या केमोनंतर मूल होण्याची शक्यता फार कमी उरते. शुक्राणू साठवणं एका दिवसाचं काम आहे आणि ते पहिल्या केमोआधी झालं तर उत्तम. स्त्रीबीजांना दीड-दोन आठवडे लागतात, तेवढी सवड मिळेल की नाही ते आजारावर आहे.

सहावं काम: वॉर्डातले दिवस

इथे दिवस उलटे मोजतात. केमो सुरू होतो तो साधारण उणे सात-आठ, मग उणे सहा, उणे पाच. पेशी देतात तो शून्य दिवस. ‘ऑपरेशन कधी आहे?’ असं नातेवाईक विचारत राहतात, ऑपरेशन नसतंच. छातीत बसवलेल्या हिकमन लाइन नावाच्या नळीला रक्ताच्या पिशवीसारखीच, जरा फिकट लाल पिशवी जोडतात. सिस्टर नाव आणि नंबर दोनदा वाचून पडताळतात, दर काही मिनिटांनी बीपी बघतात, आणि तास-दीड तासात ती रिकामी होते. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर खोलीभर लसणासारखा उग्र वास सुटतो. तो साठवणीच्या रसायनाचा. काहीजण देवाचा फोटो निर्जंतुक पिशवीत घालून जवळ ठेवतात, आणि युनिटवाले त्याला हरकत घेत नाहीत.

खडतर दिवस त्यानंतरचे. पाचव्या दिवसाच्या पुढे तोंड-घसा सोलून निघतो, थुंकी गिळवत नाही, मॉर्फिन लागतं. काही केमोच्या वेळी तोंडात बर्फ चघळायला देतात. कंटाळा आला तरी चघळायचाच, जखमा खरंच कमी होतात. रुग्ण या दिवसांत बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. सोबत्याने त्याला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणू नये. रोज सकाळी काउंटचा कागद येतो: पांढऱ्या पेशी शंभर, शंभर, दोनशे, पुन्हा शंभर. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सलग तीन दिवस 500 च्या वर राहिल्या की डोनरच्या पेशी रुजल्या असं धरतात. साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, हॅप्लोत थोडं उशिरा. दरम्यान जे रक्त चढवतात ते रेडिएशन दिलेलं, म्हणजे ‘इरॅडिएटेड’ असावं लागतं. बाहेरच्या पेढीतून आणायला सांगितलं तर पिशवीवर तसं लेबल आहे ना, ते बघा.

सातवं काम: शंभर दिवस आणि जीव्हीएचडी

डोनरच्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परकं समजून हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. त्वचा, आतडी आणि यकृत ही त्यांची पहिली लक्ष्यं. तळहात, तळपाय, कानामागे पुरळ किंवा चुरचुर, पातळ आणि वारंवार जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा: यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोन. ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून जुलाबाची गोळी देऊन दोन दिवस काढू नका. लवकर पकडलं तर स्टेरॉइडने बहुतेकदा आटोक्यात येतं, नाही आलं तर रक्सोलिटिनिबसारखी औषधं आहेत. पुढे महिन्यांनी येणारा जुनाट प्रकार डोळे कोरडे करतो, तोंडात तिखट सोसू देत नाही, कातडी आवळतो, कधी फुप्फुसं धरतो. थोडासा जीव्हीएचडी झाला तर डॉक्टर फारसे नाराज दिसत नाहीत, कारण तीच पेशीफौज ल्युकेमियाही मारत असते.

जीव्हीएचडी दाबून ठेवण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. रक्तातली पातळी तपासायच्या सकाळी गोळी घेऊन लॅबमध्ये जायचं नाही. गोळी खिशात न्यायची, रक्त द्यायचं, मगच घ्यायची. घेऊन गेलं तर पातळी खोटी जास्त दिसते, डोस कमी होतो आणि आठवड्यात पुरळ उठतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, दोन्हींनी औषधाची पातळी चढते. गुळवेल, काढे, ‘काउंट वाढवणारी’ पावडर हेही बंद. प्रतिकारशक्ती चेतवणं हेच इथे नको असतं.

खाण्याचे नियम प्रत्येक युनिटचे थोडे वेगळे असतात, त्यांचा कागद घ्या. सर्वसाधारणपणे ताजं, गरम, दोन तासांच्या आतलं. कोशिंबीर, वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस नाही. पाणी उकळून गार केलेलं. फळं जाड सालीची, धुऊन, घरी सोललेली. दह्यावर वाद आहे, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. कुंड्यांत हात घालायचा नाही, तुळशीला पाणी दुसऱ्याने घालावं. भेटायला येणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणायचं काम रुग्णावर टाकू नका. ते सोबत्याचं काम आहे, वाईटपणाही त्यानेच घ्यायचा.

या काळात सीएमव्ही नावाच्या विषाणूसाठी वारंवार, बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला, रक्त तपासतात. बहुतेक भारतीयांच्या शरीरात तो झोपलेला असतोच आणि आता डोकं वर काढतो. साधारण तिसाव्या दिवशी आणि पुढे ठरावीक अंतराने कायमेरिझम बघतात, म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती टक्के. शंभरच्या आसपास हवं. खाली सरकायला लागलं तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करतात, कधी डोनरकडून पुन्हा लिम्फोसाइट घेऊन देतात. म्हणून डोनरशी संबंध चांगले ठेवा, घरातला असला तरी.

वर्षभर आणि पुढे

आजार उलटण्याची भीती पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त, तेव्हा बरं वाटतं म्हणून तपासणी चुकवू नये. उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी उफाळतो; टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन, मुलगा असला तरी. नोकरी किंवा कॉलेज साधारण सहा महिने ते वर्षाने.

लहानपणीच्या सगळ्या लसी पुसल्या गेलेल्या असतात. त्या सहा महिने ते वर्षानंतर पुन्हा सुरू होतात; गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी मात्र दोन वर्षांच्या आत नाहीत, आणि त्याही दाबणारी औषधं बंद झाल्यावरच. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घ्यावी. पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात आल्या की घरात रुग्ण कोण आहे ते त्यांना सांगा: तोंडातून देतात ती पोलिओची लस जिवंत असते आणि बाळाच्या शीतून ती आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहते. अशा घरातल्या बाळाला थेंबांऐवजी इंजेक्शनची लस द्यायची की कसं, ते बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.